उघडा रथ

उघड्या छताची महागडी स्पोर्ट्स कार रोज चालवायला घ्यायची झाली, तर कोणती घ्यावी? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न काढला तर पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. लोकलची गर्दी, स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षांच्या रांगा आणि सतत खणलेले रस्ते ही या पट्ट्याची ओळख आहे. पण इथे पैसाही आहे आणि तो आयता आलेला नाही. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्याच छावणीच्या जागी उल्हासनगरची पायाभरणी केली. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे आजही पत्त्यात लिहिली जातात. ज्यांच्या आजोबांनी निर्वासितांच्या बराकीत संसार मांडला आणि कापड, फर्निचर, जीन्स यांच्या धंद्यातून घर उभे केले, त्यांच्या नातवाला चांगली गाडी हवीशी वाटली तर त्यात लाजण्यासारखे काहीही नाही. म्हणून हा प्रश्न मनापासून घ्यावा असे मला वाटते. मात्र मी तो धर्माचा प्रश्न म्हणून घेणार आहे. वाहनाचे मोल ते बसणाऱ्याला काय पाहू देते यावर ठरते, असे माझे म्हणणे आहे, आणि आपल्याच परंपरेत त्याला आधार आहे.

आधी गाड्यांबद्दल थोडे. बीएमडब्ल्यूची झेड-फोर दोनच माणसांची. तिचे कापडी छत दहा सेकंदांत उघडते आणि तीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन 340 अश्वशक्ती देते. पोर्शेची बॉक्स्टरही दोघांचीच. पोर्शे 911 कॅब्रिओलेटला मागे दोन आसने आहेत, पण ती मुलांपुरती. मर्सिडीजची एएमजी एसएल 55 भारतात 2023 साली आली तेव्हा तिची शोरूममधली किंमत 2.35 कोटी होती. चार लिटरचे व्ही-एट इंजिन, 476 अश्वशक्ती. मागची आसने मात्र दीड मीटरपेक्षा उंच माणसासाठी नाहीत, हे कंपनीच सांगते. त्याच कंपनीची सीएलई कॅब्रिओलेट 2024 च्या ऑगस्टमध्ये 1.10 कोटींना आली. तिच्यात चार मोठी माणसे बसतात, इंजिन दोन लिटरचे, आणि अशक्तही नाही. गाड्यांची मासिके या सगळ्यांची तुलना वेग, वळणावरची पकड आणि आतल्या चामड्यावरून करतात. रोजच्या वापराला त्या तुलनेचा उपयोग फार थोडा. कल्याण-बदलापूर रस्त्यावर संध्याकाळी 340 आणि 476 अश्वशक्ती या दोन्ही पुढच्या रिक्षाच्याच वेगाने जातात. गतिरोधकावर सगळ्यांचेच पोट घासण्याची धास्ती असते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत छत बंद, कारण बदलापूरचा पाऊस कोणाची भीड धरत नाही. एप्रिल-मेच्या दुपारीही ते बंदच. उरतात हिवाळ्याचे महिने, सकाळी लवकरची वेळ आणि संध्याकाळनंतरची. म्हणजे निवडीसाठी खरोखर दोनच गोष्टी शिल्लक राहतात: छत कुठे उघडले जाणार, आणि आत कोण बसणार.

इथे पहिला आक्षेप थेट उपनिषदातून येतो. कठोपनिषदात यम नचिकेताला मृत्यूचा प्रश्न सोडून देण्यासाठी जी आमिषे दाखवतो त्यांत रथ आहेत, घोडे आहेत, गाणारे-वाजवणारे आहेत. नचिकेत सांगतो, ही वाहने आणि हे नाचगाणे तुझे तुलाच राहू दे. पुढे यमच श्रेय आणि प्रेय यांतला भेद शिकवतो: हिताचे एक, आवडीचे दुसरे, दोन्ही माणसापुढे येतात आणि विचारी माणूस ती निवडून वेगळी करतो. मग दोन कोटींच्या गाडीचा प्रश्न हा निव्वळ प्रेयाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर नचिकेताने देऊन ठेवलेले आहे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. नचिकेत मृत्यूच्या दारात उभा होता आणि त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. संसारी माणसाला आपल्या परंपरेने अर्थ आणि काम नाकारायला लावलेले नाहीत. ती दोन्ही धर्माच्या कक्षेत ठेवायला सांगितली आहेत. तुकोबांनी संपत्ती मिळवण्याला नकार दिला नाही. ती सचोटीने मिळवावी आणि तिच्यात जीव न गुंतवता खर्च करावी, असे सांगितले. उल्हासनगरच्या सिंधी घरांत गुरू नानकांना जे स्थान आहे, तेही कष्टाने कमवा आणि वाटून खा या शिकवणीमुळे. तेव्हा गृहस्थाच्या बाबतीत श्रेय आणि प्रेय यांची ताटातूट नुसत्या वस्तूच्या किमतीवर होत नाही. प्रेय निवडतानाही श्रेयाचा विचार करता येतो, आणि तो कसा करायचा हे शिकायला पुन्हा रथाकडेच जावे लागते.

दोन रथांच्या कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात. एका राजपुत्राला बापाने महालात सुखात ठेवले. तो फिरायला निघणार म्हटल्यावर राजाने रस्ते सजवले आणि म्हातारे, आजारी, पंगू माणसे वाटेवरून हटवली. अश्वघोषाने बुद्धचरितात हे वर्णन केले आहे. तरीही सिद्धार्थाला एक म्हातारा दिसला, मग एक आजारी, मग प्रेत. तो पायी नव्हता. सोन्याने मढवलेल्या राजरथात होता, त्या काळच्या सर्वांत महागड्या वाहनात. त्या रथाने त्याचे काही बिघडवले नाही, कारण तो उघडा होता. बिघडवण्याचा प्रयत्न केला तो बापाने, रस्ता स्वच्छ करून. म्हणजे मुलाभोवती न दिसणारी काच उभी करून. दुसरा रथ अर्जुनाचा. दोन्ही सैन्यांच्या मधोमध रथ उभा कर, कोण कोण लढायला आले आहे ते मला पाहू दे, असे तो कृष्णाला सांगतो. रथ तिथे जातो, अर्जुनाला आजोबा, गुरू, भाऊ, मुलगे दिसतात, आणि जिथे कर्तव्य सोपे वाटत होते तिथे ते अवघड होऊन बसते. पाहिले नसते तर विषाद झाला नसता, आणि विषाद झाला नसता तर गीता सांगितली गेली नसती. या दोन्ही कथांत वैभवाचे वाहन आहे आणि वाहनाचा धिक्कार कुठेही नाही. नैतिक जाग ज्या क्षणी आली त्या क्षणी माणूस उंच, भारी रथात उभा होता आणि त्याच्या व रस्त्याच्या मध्ये काहीही नव्हते. कठोपनिषदातले रथाचे रूपकही हेच सांगते. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. घोड्यांना आवरायला सांगितले आहे. त्यांच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्यांना शांत ठेवा, असा उपाय तिथे कोणी सुचवलेला नाही.

आजची उंची मोटार नेमका तोच उपाय विकते. दुहेरी काच, गाळलेली हवा, बाहेरचा आवाज आत येऊ न देणारे दरवाजे: गाडी जितकी महाग तितकी ती जगापासून जास्त बंद. या पट्ट्यात त्या बंद असण्याचा अर्थ काय होतो, हे वालधुनी नदीवरून समजते. वालधुनी अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावते, प्राचीन शिवमंदिराला लागून वाहते, मग उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. रेल्वेने इंग्रजी अमदानीत बांधलेले जीआयपी धरण तिच्याच वरच्या अंगाला आहे; तिथले पाणी पिण्यासारखे होते म्हणूनच ते अडवले गेले. खाली औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी, जीन्स धुलाईचे रंग आणि शहरांचा मैला यांनी तिचा नाला केला. नोव्हेंबर 2014 मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वाफांनी उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेता येईना आणि त्यांना रुग्णालयांत न्यावे लागले. या प्रदूषणाचे प्रकरण हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालय इथपर्यंत गेले, ते वनशक्तीसारख्या संस्थेने लावून धरले म्हणून. शहरातल्या ज्या माणसांचा शब्द आमदाराच्या, आयुक्ताच्या दालनात एका फोनवर पोचतो, त्यांच्यातल्या फार थोड्यांनी तो फोन उचलला. ती माणसे वाईट होती असे मी मानत नाही. पुलावरून जाताना त्यांच्या काचा वर होत्या, एवढेच माझे म्हणणे आहे. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एका लहान पुस्तकात दाखवले की संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा आवाज उठवणे. आणि ज्यांना निघून जाणे परवडते तेच बहुधा आवाज उठवण्यात सर्वांत समर्थ असतात, म्हणून त्यांच्या जाण्याने संस्था आणखी बिघडते. शहर न सोडताही शहरातून निघून जाता येते. बाटलीचे पाणी, इन्व्हर्टर, क्लासेस आणि बंद काचेची गाडी यांनी माणूस बदलापुरात राहून बदलापूर सोडतो.

अंबरनाथचे शिवमंदिर इथे आठवल्याशिवाय राहत नाही. शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख तिथे आहे, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. सभामंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरल्यावर गाभारा लागतो, आणि वर शिखर नाही. ते अपुरे राहिले असावे. कारण काहीही असो, देव जमिनीच्या पातळीखाली आहे आणि वर आकाश आहे. कोणी मुद्दाम शिकवण म्हणून छत उघडे ठेवले असा दावा मी करणार नाही. पण शतकानुशतके लोक तिथे येत आले आणि छत नाही म्हणून त्या गाभाऱ्याचे पावित्र्य कोणाला उणे वाटले नाही, ही वस्तुस्थिती आहे. महाशिवरात्रीला कितीही भारी गाडीतून आलेल्या भाविकाला तिथे खाली उतरून त्याच हवेत उभे राहावे लागते, आणि ती हवा शेजारच्या नदीची असते. धर्माचा हा भाग आपण मंदिराच्या आवारापुरता ठेवतो आणि परतीच्या वाटेवर पुन्हा काचा वर करतो.

आता एक अधिक अवघड आक्षेप. उघडेपणातच पुण्य असेल तर रिक्षा काय वाईट? ती दोन्ही बाजूंनी उघडी असते. बाइकवाला, लोकलच्या दारात लटकणारा, मालवाहू टेंपोच्या मागे उभा राहून जाणारा हमाल, हे सगळे रोज सगळे पाहतात, हुंगतात, ऐकतात. त्यांच्या पाहण्याने नदी सुधारली नाही. बरोबर आहे, आणि माझा मुद्दा यानेच पक्का होतो. या शहरांत दिसणे आणि हातात बळ असणे यांची फारकत झाली आहे. ज्याला दिसते त्याच्याकडे बळ नाही. ज्याच्याकडे बळ आहे त्याने न दिसण्याची सोय विकत घेतली आहे. उघड्या छताची महागडी गाडी ही माझ्या माहितीतली एकमेव चैन आहे जिच्यात या दोन गोष्टी एका आसनावर येऊ शकतात. येऊ शकतात, येतातच असे नाही. छत फक्त लोणावळ्याच्या घाटात उघडायचे आणि उल्हासनगर आले की बटण दाबायचे, असे केले तर ती गाडी बंद गाडीपेक्षा वाईट, कारण तिच्यात निसर्ग तेवढा हवा आहे आणि शेजारी नको आहेत.

नुसत्या दिसण्याने तरी काय होते, असाही प्रश्न येईल. रोज दिसणारे दुःख सवयीचे होते हे खरेच आहे. सिद्धार्थाच्या कथेत म्हणूनच सारथी महत्त्वाचा. राजपुत्राने विचारले, याला काय झाले आहे, आणि सारथ्याने लपवले नाही; हे म्हातारपण आहे, ते तुलाही चुकणार नाही, असे सांगितले. अर्जुनाजवळ कृष्ण होता. दृश्याला अर्थ येतो तो शेजारी बसलेल्याच्या खऱ्या बोलण्याने. आणि म्हणूनच आसनांचा प्रश्न मला अश्वशक्तीपेक्षा मोठा वाटतो. लोकलच्या डब्यात तिघांच्या बाकावर चौथा बसतो. त्यासाठी कायदा नाही, पाटी नाही. ‘जरा सरका’ एवढे म्हटले की तिघे सरकतात आणि चौथी सीट तयार होते. बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत 68 किलोमीटर अर्धवट टेकून जाणारा माणूस त्या चार बोटांच्या जागेत एक सबंध नागरिकशास्त्र शिकतो. लोकलची गर्दी गौरवण्यासारखी नाही, ती लाजिरवाणी आहे आणि गाड्या वाढल्याच पाहिजेत. पण दुसऱ्यासाठी सरकण्याची जी सवय तिथे लागते ती सुखवस्तू घरातल्या मुलाला कुठे लागणार? दोनच आसनांची गाडी त्याला सांगते की वाहन म्हणजे मी आणि फार तर माझ्या पसंतीचे एक माणूस. चार आसनांच्या गाडीत आजी बसते, शेजारची मुलगी क्लासला जाते, दुकानातला माणूस स्टेशनपर्यंत येतो, आणि वाटेत काही बोलणे होते. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारावर प्रवासी आत होते. आपत्ती दलाच्या बोटींबरोबर आसपासच्या गावांतले लोकही धावून आले. अशा दिवशी या भागात कोणत्या वाहनाला किंमत असते हे सांगायला नको: ज्यात आणखी एक माणूस बसू शकतो त्याला.

उघड्या गाडीतून श्रीमंती मिरवली जाते आणि पायी चालणाऱ्याला ती टोचते, असे म्हणणारे लोक आहेत. टोचते हे मी नाकारत नाही. पण काळ्या काचेमागची श्रीमंती कमी टोचते असे कोणत्या कामगाराने सांगितले आहे? तिथे निदान चेहरा दिसत नाही, एवढाच फरक. चेहरा दिसला की माणसाला थोडी मर्यादा येते. त्याला नाव घेऊन हाक मारता येते, शिवी देता येते, पत्ता विचारता येतो. बाकी वेगाच्या बाबतीत मी कोणतीही सूट द्यायला तयार नाही. 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा असल्याचे पोलिसांनी सांगितले. शेकडो अश्वशक्तीचे यंत्र वस्तीतल्या रस्त्यावर पूर्ण ताकदीने चालवणे ही हिंसा आहे, छत उघडे असो की बंद. धूळ आणि धुराचा आक्षेप वैद्यकीय आहे आणि खरा आहे. दम्याच्या माणसाने छत उघडू नये. मात्र धडधाकट माणसाला दहा मिनिटे जी हवा सोसवत नाही ती चौकातला वाहतूक पोलीस आठ तास घेतो, हे त्याला कळणे हाच तर त्या दहा मिनिटांचा उपयोग.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो सर्वांत जड आहे. पीटर सिंगर यांनी 1972 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात विचारले की डोळ्यांसमोर तळ्यात बुडणारे मूल वाचवण्यासाठी आपण कपडे चिखलात घालू, तर दूरच्या मरणाऱ्या मुलासाठी चैनीचा खर्च का सोडू नये? या युक्तिवादाचे खंडन मला करता येत नाही, आणि करावेसेही वाटत नाही. कोटभर रुपयांत उल्हासनगरच्या सरकारी रुग्णालयात काय काय येऊ शकेल याचा विचार ज्याने केला आणि गाडीचा बेत रद्द केला, त्याने श्रेय निवडले असे मी निःशंक म्हणेन. पण सिंगर यांनाही आपले म्हणणे पटवण्यासाठी आधी तळ्याकाठी चालणारा माणूस घ्यावा लागला, ज्याला मूल दिसते. न पाहणाऱ्या माणसापाशी कोणताच युक्तिवाद पोचत नाही. गाडी घेणारे घेणारच आहेत. त्यांना तळ्याकाठी आणणे हे त्यांना दोष देण्यापेक्षा अधिक उपयोगाचे काम आहे.

म्हणून माझा निर्णय स्पष्ट आहे. या गाड्यांपैकी एक घ्यायचीच असेल आणि ती उल्हासनगर ते बदलापूर रोज चालवायची असेल, तर चार माणसांची घ्या. दोन आसनांची झेड-फोर किंवा बॉक्स्टर चालवायला अधिक आनंदाची असेल, तरी नको. एसएल आणि 911 यांच्या मागच्या आसनांना आसन म्हणू नका. सीएलईसारखी त्यांच्या मानाने साधी, हळू, चौघांची गाडी बरी. हिवाळ्याच्या सकाळी तिचे छत गावात उघडा, घाटात नंतर. आणि वालधुनीच्या पुलावर ते मिटावेसे वाटले, तर बटणाला हात लावण्याआधी आपल्या नगरसेवकाला फोन करा, महापालिकेत लेखी तक्रार द्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तिची प्रत पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.